चार टक्क्यांचा दिवा

१

गुरुवारी दिव्याची अवस झाली आणि शुक्रवारी सकाळी पावणेअकराला उल्हास नदी मांजर्लीत शिरली. मांजर्लीच्या माणसाला त्याचं फारसं कौतुक नाही. पाणी आलं की तो आधी स्कूटर उचलतो, मग गॅसचा सिलिंडर, आणि मग गॅलरीत उभा राहून कुणाकडे किती चढलं याची चर्चा करतो. वीज कंपनीने नेहमीप्रमाणे त्या भागाचा पुरवठा बंद केला. 'उल्हासतीर' सोसायटीतली मंडळी तरीही निवांत होती, कारण त्यांच्याकडे बॅटरी होती.

बॅटरी म्हणजे खेळण्यातली नव्हे. दोन गोदरेज कपाटं शेजारी उभी करावीत एवढं ते धूड पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, पुराच्या लाल खुणेच्या वर, गेल्या वर्षी कंपनीनेच प्रयोग म्हणून बसवलं होतं. शंभर युनिट वीज त्यात मावायची. नियामक आयोगाने परवानगी देताना दोन अटी घातल्या होत्या. पहिली अशी की वरची अर्धी वीज कंपनीने संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी खुशाल वापरावी, पण खालची अर्धी सोसायटीची. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि आजारी माणसाचं यंत्र यांच्यासाठी ती राखून ठेवायची, तिला हात लावायचा नाही. दुसरी अट मीटरची. नवे मीटर दर अर्ध्या तासाला घरातला वापर टिपतात. ती नोंद ज्याची त्याची, लेखी संमतीशिवाय नावानिशी कुणी बघायची नाही, कंपनीने तर मुळीच नाही.

तर वीज गेली, बॅटरी लागली, लिफ्ट अर्धा मजला चढली आणि मध्येच थांबली. खोलीतल्या पडद्यावर आकडा होता चार टक्के, आणि तेवढ्यावर यंत्र स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतं. पाचव्या मजल्यावर एक्क्याऐंशी वर्षांच्या द्रौपदीआजींचं ऑक्सिजनचं मशीन लांब शिट्टी मारून बंद पडलं.

आजी वाचल्या त्या धाकलूमुळे. धाकलू हा सोसायटीचा एकोणीस वर्षांचा जुना वॉचमन, बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा. कमरेएवढ्या पाण्यातून तो शेजारच्या कुळगावात डॉक्टरांकडे गेला आणि सिलिंडर खांद्यावर घेऊन पाच मजले चढला. आजी तीन दिवस इस्पितळात राहून सोमवारी घरी आल्या.

त्याच सोमवारी कंपनीचा अहवाल आला. गुरुवारी संध्याकाळी सात ते रात्री अकरा या वेळात बॅटरीतून अठ्ठेचाळीस युनिट कंपनीने नियमाप्रमाणे घेतले आणि आणखी अठ्ठेचाळीस युनिट 'स्थानिक वापर' म्हणून गेले, असं त्यात लिहिलं होतं. स्थानिक वापर म्हणजे कुणीतरी बॅटरीच्या खोलीत जाऊन हाताने खटका ओढला आणि राखीव वीज सोसायटीतच वापरली. त्या खोलीची चावी एकच होती, आणि ती धाकलूच्या कमरेला होती.

२

चौकशीला आल्या कुमुदिनी गुप्ते. वीज कार्यालयाच्या उल्हासनगर शाखेत तेहतीस वर्षं त्यांनी बिलं दुरुस्त केली होती. तिथल्या कॅम्पातले व्यापारी चुकीचं बिल घेऊन भांडायला यायचे आणि बाईंशी बोलून चहा पाजून जायचे. निवृत्तीनंतर त्या अंबरनाथला राहत, आणि वाद झाला की ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा मंच त्यांना त्रयस्थ म्हणून चौकशीला पाठवी. सुनावणी शुक्रवारी होती आणि बाई पोचल्या मंगळवारी. हातात तीन दिवस.

सोसायटीची सेक्रेटरी राजसी ही द्रौपदीआजींची नात. पोरगी बँकेत नोकरी करणारी, हुशार, पण सिलिंडर येईपर्यंतच्या चाळीस मिनिटांत आजीला वारा घालत बसली होती ती भीती तिच्या अंगातून अजून गेली नव्हती. तिने सरळ सांगून टाकलं. गुरुवारी गटारी होती, श्रावणाआधीचं शेवटचं खाणंपिणं, निम्मी सोसायटी बाहेर. धाकलू पिऊन पडला असेल, कुणाला तरी चावी दिली असेल. शुक्रवारी त्याच्यावर ठपका आला की नोकरी जाईल आणि पोलिसांत तक्रारही होईल. सिलिंडर आणला हे खरं, पण आधी बॅटरी कुणी रिकामी केली, असा तिचा प्रश्न होता.

कुमुदिनीबाईंनी बॅटरीची खोली उघडून घेतली. धाकलू दारात उभा राहिला. पन्नाशीचा, सुकलेला माणूस, चार दिवसांत आणखी सुकलेला. बाईंनी यंत्राभोवती एक फेरी मारली. दाराच्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचं एक बोट उमटलं होतं. फरशीवर तुपाचा डाग होता, आणि हवा आत जाण्याच्या जाळीत एक सोनेरी धागा अडकला होता. तो धागा त्यांनी हलक्या हाताने काढून वहीत ठेवला.

"धाकलू, गुरुवारी संध्याकाळी कुठे होतात?"

धाकलूने मान खाली घातली. त्याने कमरेची चावी चाचपली.

"मी पिलो नव्हतो, बाय. चोरी बी नाय केली. येवढाच सांगतो."

"मग काय केलंत?"

"चूक माझीच हाय," तो म्हणाला, आणि त्यापुढे चकार शब्द बोलला नाही.

बाईंनी तेहतीस वर्षांत खोटं बोलणारी पुष्कळ माणसं पाहिली होती. हा खोटं बोलत नव्हता, आणि नेमकं तेच अवघड होतं. त्यांनी पडद्यावरच्या नोंदी मागे सरकवत सरकवत गुरुवार गाठला. रात्री अकरानंतर बॅटरी पुन्हा भरायला लागली होती. आणि अकरा वाजून दोन मिनिटांनीच एक ओळ होती: तापमान जास्त, भरणे थांबले.

बाहेर धो धो पाऊस, खिडकीतून गार वारा, आणि यंत्राला ताप कसला भरला? बाईंनी ती ओळ वहीत उतरवली आणि तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

३

कुमुदिनीबाईंची रीत साधी होती. बिल चुकलं आहे असं वाटलं की त्या आधी बेरीज करत. अठ्ठेचाळीस युनिट सोसायटीत वापरले गेले असं कंपनी म्हणते ना, मग ते कुठल्या तरी मीटरवर दिसलेच पाहिजेत. गुरुवारी सात ते अकरा या चार तासांत वीस घरं, खालचं दुकान, लिफ्ट आणि पंप या सगळ्यांनी मिळून किती वीज वापरली, तेवढं कळलं की झालं. पण त्यासाठी प्रत्येकाची संमती हवी होती.

दुकान कमलेशचं, दूध-दही आणि आईस्क्रीमचं. राहायला उल्हासनगरला, सिंधी, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी. दोन मोठे फ्रीजर असल्यामुळे सोसायटीत संशयाचं दुसरं बोट त्याच्याकडेच होतं. पुरात त्याचा सगळा माल गेला होता. कुणी फुकटची वीज ओढली असती तर माझं आईस्क्रीम तरी वाचलं असतं ना दीदी, असं म्हणून त्याने पहिली सही ठोकली आणि बाईंना ताक पाजलं.

बुधवार दुपारपर्यंत एकोणीस घरांच्या सह्या झाल्या. राहिलं एकच घर, तिसऱ्या मजल्यावरचं. तिथे श्यामकांत ओक राहत. रसायनांच्या कारखान्यातले निवृत्त अधिकारी, शहात्तरीचे, गेल्या मार्गशीर्षात बायको गेली तेव्हापासून एकटे. त्यांनी दार उघडलं, संमतीचा कागद वाचला, आणि नीट घडी घालून परत केला.

"माझ्या घरात मी कधी काय लावतो हे कुणाला दाखवायची माझी इच्छा नाही. क्षमा करा," एवढं बोलून त्यांनी दार लावलं.

बाईंनी जिन्यातच बसून बेरीज केली. एकोणीस घरं, दुकान, लिफ्ट, पंप मिळून छत्तीस युनिट. गटारीमुळे माणसं बाहेर होती, म्हणून आकडा कमीच भरला. अठ्ठेचाळिसातून छत्तीस गेले की उरले बारा. एकट्या म्हाताऱ्या माणसाने चार तासांत बारा युनिट वापरायचे तर एसी आणि गिझर दोन्ही अखंड चालू हवेत. तसं होणं अशक्य नव्हतं.

त्या तशाच अंबरनाथला कंपनीच्या कार्यालयात गेल्या. बॅटरीचं काम उन्मेषकडे होतं. हा उन्मेष एके काळी बाईंच्याच हाताखाली शिकलेला, त्यांच्या डब्यातली अळूवडी खाऊन मोठा झालेला. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. बाईंनी बारा युनिटांचा घोळ सांगितला, घराचा क्रमांक मात्र सांगितला नाही. उन्मेष हळहळला.

"मॅडम, ते तिसऱ्या मजल्यावरचे काका असतील. एकटा माणूस, आणि रोज पहाटे पाऊण तास गिझर चालू. वय झालंय, विसरत असतील. त्या दिवशी संध्याकाळीही राहिला असेल चालू."

त्याच्या आवाजात काळजी होती, खोटी नव्हे. बाईंनी चहा संपवला, त्याच्या मुलीची चौकशी केली आणि निघाल्या. घरी येऊन कुकर लावला तरी त्यांना काहीतरी खटकत होतं. तिसरी शिट्टी झाली आणि त्यांच्या लक्षात आलं की श्यामकांतरावांनी आजवर कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. मग त्यांचा गिझर पहाटे पाऊण तास चालतो, हे उन्मेषला कोणी सांगितलं?

४

गुरुवारी सकाळी बाई द्रौपदीआजींना भेटायला गेल्या. राजसी कामावर निघायच्या गडबडीत होती. आजी उशांना टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी, शेजारी मशीनची घरघर. बोलताना दर चार शब्दांना थांबत, पण बोलायची हौस दांडगी. बाईंनी तब्येतीचं विचारलं, आणि मग सहज दिव्याच्या अवसेचा विषय काढला.

आजींचा चेहरा फुलला. त्यांच्या माहेरी घरातले यच्चयावत दिवे त्या दिवशी चिंचेने घासून पाटावर मांडत. समया, निरांजनं, कंदील, गोठ्यातली चिमणीसुद्धा. ज्याच्या उजेडात वर्षभर दिसतं त्याला एक दिवस नमस्कार करायचा, नवं वस्त्र वाहायचं, कणकेचे गोड दिवे करून तुपाशी खायचे. यंदाही आपण राजसीला कणीक मळायला लावली, दिवे उकडून ठेवून ती कामावर गेली, असं त्या सांगत होत्या.

"आणि यंदा कुठला दिवा पुजलात?" बाईंनी विचारलं.

आजींनी पांघरूण सारखं केलं. त्यांची नजर दाराकडे गेली. दारात राजसी पर्समध्ये किल्ल्या शोधत उभी होती. देवापुढची समई, दुसरा कुठला, असं आजी पुटपुटल्या.

भिंतीवर एक फोटो होता. आजींचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा, समोर ओवाळायचं तबक, अंगावर मोरपंखी शाल आणि तिला रुंद सोनेरी काठ. बाईंनी फोटोकडे पाहिलं, आणि शाल फार सुंदर आहे, जवळून बघायला मिळेल का, असं विचारलं.

कपाटात असेल कुठेतरी, आजी म्हणाल्या. पण राजसी कपाट उघडायला वळली तेव्हा त्यांनी तिला घाईघाईने थांबवलं, उशीर होतोय तुला, जा तू म्हणाल्या. या वयात माणसाला खोटं बोलायची सवय राहत नाही.

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. वहीतला सोनेरी धागा बाहेर काढायचीही गरज नव्हती. धाकलू कुणासाठी गप्प आहे हे त्यांना कळलं, आणि आजी कुणासाठी गप्प आहेत हेही. दोघंही एकमेकांना वाचवायला निघाली होती, आणि त्यात धाकलूची भाकरी जात होती. त्यांचा जीव कळवळला. तरी पण एक गोष्ट राहिलीच होती. शालीने जाळी झाकली, यंत्र तापलं, भरणं थांबलं, इथवर ठीक. पण रिकामी कोणी केली? शाल काही वीज पीत नाही.

जिना उतरताना त्या तिसऱ्या मजल्यावर थांबल्या आणि त्यांनी पुन्हा बेल वाजवली.

५

श्यामकांतरावांनी दार अर्धवट उघडलं. बाईंनी या वेळी कागद काढलाच नाही.

"ओकसाहेब, मला तुमचे तास नकोत. ते तुमच्याकडेच ठेवा. तुमच्या मोबाइलमध्ये तुमच्या मीटरची नोंद तुम्हाला दिसते. गुरुवारी सात ते अकरा, तेवढे आकडे तुम्हीच बेरीज करा आणि मला फक्त बेरीज सांगा. मी तुमच्या मोबाइलकडे बघणारसुद्धा नाही."

त्यांनी दाराची साखळी काढली. मग दार पूर्ण उघडलं, चष्मा लावला आणि दिवाणावर बसून कारखान्यातला हिशेब करावा तशा गंभीरपणाने आकडे मांडायला घेतले. बाई खिडकीबाहेर नदीकडे बघत बसल्या. पाणी आता पात्रात परतलं होतं, काठच्या झाडांना प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत होत्या.

"पावणेदोन युनिट," श्यामकांतराव म्हणाले. "दोन धरा हवं तर."

दोन. म्हणजे सगळी सोसायटी मिळून अडतीस. घरांची सगळी वीज बॅटरीतूनच आली असं धरलं तरी उरलेले दहा युनिट या इमारतीतल्या कुठल्याच मीटरवर नव्हते. जी वीज घरात आलीच नाही ती रस्त्यावरच्या तारेत गेली, आणि रस्त्याकडचं दार उघडायचा अधिकार फक्त कंपनीला होता. बाईंनी वहीत तीन आकडे एकाखाली एक लिहिले.

बाई उठल्या, तर श्यामकांतरावांनीच त्यांना थांबवलं.

"तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगतो. हिला पहाटे कडकडीत पाणी लागायचं. संधिवात होता. मी उठून गिझर लावायचो, दोन बादल्या काढायचो, आधी तिची, मग माझी. आता ती नाही. पण हात ऐकत नाही हो. अजून दोन काढतो. दुसरी तशीच गार होते, मग झाडांना घालतो."

बाई पुन्हा खाली बसल्या. दोन महिन्यांपूर्वी आपल्याला एक फोन आला होता, श्यामकांतराव सांगत होते. बोलणारी मुलगी गोड होती. सर, तुम्ही एकटे राहता आणि तुमचा गिझर रोज पाऊण तास चालतो, आमचा नवा छोटा गिझर घ्या, असं म्हणाली. त्या दिवशी आपल्या न्हाणीघरात कुणीतरी उभं राहून बघतंय असं त्यांना वाटलं. मुलाला, समीरला हे कळलं तर बाबांचं डोकं ठिकाणावर नाही असं समजून तो आपल्याला पुण्याला घेऊन जाईल, आणि हिच्या घरातून आपल्याला जायचं नाही.

"तुमचं डोकं अगदी ठिकाणावर आहे," बाई म्हणाल्या. त्या एकट्या असूनही त्यांच्या स्वतःच्या घरी अजून चहाचे दोन कप बाहेर असत.

ज्याला या दुसऱ्या बादलीतलं काहीही माहीत असायला नको होतं, त्याने ते कालच आपल्याला चहा पाजता पाजता सांगितलं होतं. बाई जिना उतरल्या आणि रिक्षाला म्हणाल्या, अंबरनाथ, वीज कार्यालय.

६

उन्मेषने त्यांना पाहिलं आणि या वेळी चहा मागवला नाही.

बाईंनी आवाज चढवला नाही. वहीतलं पान उलटं करून त्याच्यासमोर ठेवलं. अठ्ठेचाळीस, अडतीस, दहा. मग दुसरा प्रश्न विचारला, की तिसऱ्या मजल्यावरचा गिझर पहाटे चालतो हे तुला कसं कळलं. उन्मेषने ते तीन आकडे बोट ठेवून पुन्हा मोजले. शेवटी त्याने चष्मा काढून डोळे चोळले.

मीटरच्या नोंदी आणि बॅटरीची राखीव वीज, दोन्हींची दारं कंपनीच्या एकाच पडद्यावर होती, एवढंच त्यातलं गुपित, असं तो सांगू लागला. नावानिशी नोंदी कंपनीच्या संगणकात उघड्याच पडलेल्या होत्या, बघायच्या नाहीत असं फक्त कागदावर लिहिलेलं. कुणी बघत होतं, त्यातल्या कुणी तरी बाहेर गिझर विकणाऱ्यालाही दिल्या असतील. आणि बॅटरीचं राखीव अर्धही तसंच. गुरुवारी संध्याकाळी शहाडकडच्या उपकेंद्रावर भार वाढला, वरून फोन आला, बाहेरून महाग वीज घ्यायची नाही, काहीतरी कर. त्याने मांजर्लीची खालची अर्धी बॅटरी इथून, या खुर्चीवर बसून उघडली. रात्री अकरानंतर पुन्हा भरायची, पहाटेपर्यंत शंभर टक्के, कुणाला पत्ताही लागणार नाही. पहिल्यांदाच केलं, असं तो शपथेवर म्हणाला. पण त्या रात्री भरणं थांबलं. का थांबलं ते त्याला अजून कळलेलं नव्हतं.

"आणि अहवालात स्थानिक वापर लिहिलंस."

"मॅडम, मी कुणाचंही नाव लिहिलं नाही."

"नाव लिहायची गरजच नव्हती, उन्मेष. चावी एकाच्याच कमरेला आहे."

तो रडला. बाईंना त्याचा राग आला होता आणि कीवही आली होती, दोन्ही एकदम. हा पोरगा वाईट नव्हता. एक फोन आला आणि हा घाबरला, मग घाबरल्याचं झाकायला त्याने एक शब्द लिहिला, आणि तो शब्द जाऊन पडला एकोणीस वर्षं जिने झाडणाऱ्या माणसावर. बाईंनी त्याला दोनच वाटा सांगितल्या. उद्या सुनावणीत मी हे आकडे मांडीन, किंवा त्याआधी तू स्वतः दुसरा अहवाल लिहिशील, फोन कुणाचा होता त्यासकट. मग त्यांनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. त्यात अळूवडी होती. जेवून घे आणि लिही, म्हणाल्या.

७

शुक्रवारच्या सुनावणीला वीस मिनिटं लागली. उन्मेषचा अहवाल वाचून दाखवला गेला आणि कंपनीच्या वकिलाने पुढची तारीख मागायचा विचार सोडून दिला. राखीव अर्ध्याला यापुढे असं कुलूप लागेल की कंपनीला ते आपल्या पडद्यावरून उघडता येणार नाही, आणि नावानिशी नोंदी कोणी कोणी बघितल्या त्याची यादी प्रत्येक घराला मिळेल, असं ठरलं. यंत्र रात्री का तापलं, याबद्दल बाईंनी आपल्या टिपणात एकच ओळ लिहिली होती: हवेच्या जाळीवर सद्भावनेने वस्त्र ठेवले गेले होते, पुढे जाळीसमोर लोखंडी कठडा बसवावा. वस्त्र कुणाचं ते त्यांनी लिहिलं नाही, आणि मंचानेही विचारलं नाही.

धाकलू सुनावणीला आलाच नव्हता. तो बॅटरीच्या खोलीबाहेर पायरीवर बसला होता, शेजारी पत्र्याची पेटी बांधून तयार. बाई त्याच्याजवळ पायरीवर बसल्या. वहीतला सोनेरी धागा त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवला.

धाकलूने तो बघितला आणि त्याचा बांध फुटला. आजी म्हणाली होती, यंदा माझा दिवा म्हंजे ती खालची बॅटरी, तिच्यावर माझा सास चालतो, तिला माझी शाल घाल, रातभर राहू दे. त्याने पुजली, शाल घातली, आणि वर जाऊन आजीजवळ बसून तुपातले दिवे खाल्ले. सकाळी वीज गेल्यावर पडद्यावर ताप ताप असं लिहून आलेलं पाहिलं तेव्हा त्याला कळलं, आणि त्याने शाल काढून लपवली.

"आजीचा सास मीच अडकवला, बाय. आनि तिला कसा सांगू, तुज्याच शालीनं झाला म्हनून? तिचा जीव गेला असता."

"धाकलू, नीट ऐका. शालीने भरणं थांबलं, हे खरं. पण त्याच्या आधीच ती रिकामी झालेली होती. खालची अर्धी कंपनीने काढली, अंबरनाथला बसून. ती काढली नसती तर शाल तशीच राहिली असती तरी आजींचं मशीन सहा दिवस चाललं असतं."

धाकलू त्यांच्याकडे वळून बसला. त्याने तेच पुन्हा सांगायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा.

"म्हंजे माज्यामुळं नाय?"

"तुमच्यामुळे आजी आहेत."

राजसी जिन्यात केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. सुनावणीहून परतल्यावर आजीने तिला सगळं सांगून टाकलं होतं. ती खाली आली, तिने पत्र्याची पेटी उचलली आणि वॉचमनच्या खोलीत परत नेऊन ठेवली. पेटी उघडली तर सगळ्यात वर मोरपंखी शाल होती, धुऊन घडी घातलेली. धाकलूने ती स्वतः पाचव्या मजल्यावर नेली. आजी आणि तो बराच वेळ बोलत बसले होते. काय बोलले ते मात्र आपल्याला माहीत नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाई आभाराच्या जेवणाला उल्हासतीरला गेल्या तेव्हा श्यामकांतरावांनी त्यांना एका बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली. सोमवारी पहाटे पावसात भिजून धाकलू कमलेशच्या दुकानातलं दूध दारोदार पोचवत होता, कुडकुडत होता. श्यामकांतरावांनी त्याला आत बोलावलं. तो न्हाणीघराच्या दाराशीच घुटमळला, आपण कसं जायचं म्हणाला. तेव्हा ते म्हणाले, अरे, काढलेलं पाणी आहे, गार होऊन जाईल.

तेव्हापासून रोज पहाटे धाकलूची पाळी संपली की तो आधी बॅटरीच्या खोलीचं कुलूप तपासतो, चावी कमरेला खोचतो आणि तिसऱ्या मजल्यावर जातो. मीटरवर अजूनही पाऊण तासाची तीच नोंद होते. बघणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव नोंदवून कुणी ती पाहिली तरी त्याला एकटा म्हातारा आणि विसरलेला गिझर एवढंच दिसेल. दुसरी बादली मात्र आता गार होत नाही.